गरीची पेटी

गरीवर मासे धरण्याला आपल्या किनाऱ्यावर ‘गरवणे’ म्हणतात. हा छंद धर्मगुरूला शोभतो काय, असे वर्षातून एकदा तरी कोणीतरी आम्हांला विचारतोच. विचारणारा बहुधा हसत विचारतो, म्हणून आम्हीही हसतच उत्तर देतो, की पहिल्या पोपमहाशयांचा मूळ धंदा कोणता होता ते आठवून पाहा. उत्तर चलाख आहे, पण प्रामाणिक नाही. पेत्र हा जाळ्याचा कोळी. पोटासाठी तो रात्र रात्र पाण्यावर काढीत असे. आम्ही सायंकाळी दोन घटका खाडीच्या बांधावर काठी घेऊन बसतो ते केवळ मनाच्या विसाव्यासाठी. या दोहोंतील अंतर लपविण्यात अर्थ नाही.

विसाव्यासाठी गरवणाऱ्यांची परंपरा मात्र जुनी आहे आणि तिच्यात धर्मजीवनाशी जवळीक असणारी माणसेही आहेत. १४९६ साली इंग्लंडात वेस्टमिन्स्टर येथे गरीने मासे धरण्याच्या कलेवर एक छोटा निबंध छापला गेला. परंपरा तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठप्रमुख भगिनीच्या नावावर मांडते. अभ्यासक याविषयी साशंक आहेत, तेव्हा आम्हीही आग्रह धरीत नाही. पण ज्याने कोणी तो लिहिला त्याने सुई तापवून गरी कशी वाकवावी आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी कशी वळावी हे तर सांगितलेच, शिवाय हा छंद पैशाच्या लोभाने करू नये आणि एका वेळी फार मासे मारू नयेत असेही बजावून ठेवले. पुढे १६५३ साली आयझॅक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्याने ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहिले. त्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्याने या छंदाला चिंतनशील माणसाची करमणूक म्हटले आहे. चिंतन किती घडते हा भाग वेगळा. आमच्या बाबतीत म्हणाल तर बांधावर बसून आम्ही जितका वेळ पाण्याकडे पाहिले त्याहून अधिक वेळ पेटीत डोके घालून काढला. आणि आज आम्हांला लिहायचे आहे ते छंदाविषयी नव्हे, त्या पेटीविषयी.

आमच्या वडिलांजवळ पेटी नव्हती. तंबाखूचा एक पत्र्याचा डबा होता, हाताच्या पंजात मावणारा. त्यात पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा असे आणि त्या तुकड्यात पाच-सहा गऱ्या टोचून ठेवलेल्या असत. शिशाची एक पट्टी, तिचा लागेल तेवढा तुकडा कापून दोरीला गुंडाळायचा. नायलॉनचा तंगूस बांबूच्या कांडीवर गुंडाळलेला. एक जुना चाकू. वाडीतले पाणी लावून झाले, की ते डबा कमरेला खोवून खाडीवर जात. एखादी गरी तळच्या दगडात अडकून तुटली, तर घरी आल्यावर त्याविषयी बोलत असत, इतके तिचे मोल होते. आजोबांच्या काळी तर तंगूसही नव्हता. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३८ साली जाहीर झाला. त्यापूर्वी इकडे सुती दोरी असे आणि ती खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवीत.

आमची पेटी आखातातून आली. आमच्या एका पुतण्याने सुट्टीवर येताना ती आणली. झाकण उघडले, की तीन तबके पायऱ्यांसारखी एकामागून एक वर येतात आणि प्रत्येक तबकात लहान लहान खण. खालचा पेटीचा तळ तर एखाद्या कणगीसारखा खोल. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा आम्हांला जो आनंद झाला तो आम्ही येथे वर्णन करीत नाही, कारण पन्नाशीतल्या माणसाला तो शोभणारा नव्हता.

रिकामा खण हे एक विलक्षण आमंत्रण असते. ज्याला पेटीची निवड करावयाची असेल त्याला आमचे पहिले सांगणे हेच, की पेटी सामानाकडे पाहून घ्यावी, सामान पेटीकडे पाहून घेऊ नये. आम्ही उलट केले. खण होते म्हणून गऱ्या आल्या. येथे अनभिज्ञ वाचकाला गऱ्यांच्या आकड्यांची गंमत सांगितली पाहिजे. साध्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितकी गरी लहान. दहा नंबरची गरी चार नंबरहून लहान, चार नंबरची दोन नंबरहून लहान. एक नंबरला पोहोचले, की हिशेब फिरतो आणि पुढे तिरकी रेघ व शून्य देऊन १/०, २/०, ३/० अशा त्या मोठ्या होत जातात. आम्ही दहापासून ५/० पर्यंत सर्व घेतल्या. आमच्या खाडीत कोळंबी लावून जो शिंगाळा, तांब किंवा नशीब असेल तर जिताडा मिळतो, त्याला यांतल्या फार तर तीन आकारांच्या गऱ्या पुरतात. मग फिरक्या आल्या, दोरीला पीळ पडू नये म्हणून लावतात त्या. गोल शिसे, लांबट शिसे, चपटे शिसे आले. मग खोटी आमिषे: लाकडी मासळी, चकाकणारे पत्र्याचे चमचे, रबरी कोळंब्या, रबरी किडे. त्यांतली कित्येक अशा माशांसाठी बनविलेली, जे आमच्या खाडीत कधी आले नाहीत आणि येणारही नाहीत.

प्रत्येक वस्तू घेताना मनात एकच शब्द होता: ‘कदाचित’. कदाचित पाणी गढूळ असेल, तर हा भडक रंग लागेल. कदाचित मोठा जिताडा येईल, तर ही जाड तार लागेल. प्रत्येक खणात आम्ही एकेक संभाव्य पश्चात्ताप आधीच विकत घेऊन ठेवीत होतो. आणि याला आम्ही ‘तयारी’ असे चांगले नाव दिले होते.

पेटीने आपला निषेध लवकरच नोंदविला. एके दिवशी उघडून पाहतो तो रबरी किडे तबकाला चिकटून वितळलेले. मऊ रबरी आमिषांत जो तेलकट पदार्थ असतो तो काही प्रकारच्या प्लास्टिकला विरघळवतो, आणि निरनिराळ्या रंगांची आमिषे एकत्र ठेवली तर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. दुसऱ्या खणात एक वापरलेली ओली गरी घाईघाईने परत टाकली होती. तिने तिच्या शेजारच्या चाळीस कोऱ्या गऱ्यांना गंज लावला. खारे पाणी पितळी फिरकी आणि पोलादी गरी यांच्यामध्ये साचून राहिले, तर पोलाद अधिकच वेगाने खाल्ले जाते. वरच्या तबकात उघड्यावर राहिलेला तंगूस उन्हाने असा ठिसूळ झाला होता, की हाताने ताणताच तुटला. जे आम्ही उद्यासाठी जपले होते ते उद्या येण्याआधीच निकामी होत होते. पतंग आणि गंज यांविषयी प्रभूने जे सांगितले त्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली आहेत. त्यातला गंज आमच्याच पेटीत होता. तरीही आम्ही काय केले, तर खराब झालेले फेकले आणि तितकेच नवे आणले.

आता ती संध्याकाळ.

पावसाळा संपून पंधरा-वीस दिवस झाले होते. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ कमी. आम्ही बांधावर पेटी उघडून बसलो होतो आणि शेजारी, जरा अंतरावर, कोळीवाड्यातले एक वयस्क गृहस्थ आपली साधी दोरी टाकून बसले होते. मासा लागत नव्हता. मासा लागला नाही, की ज्याच्याजवळ एकच गरी असते तो थांबतो. ज्याच्याजवळ चाळीस आमिषे असतात तो आमिष बदलतो. आम्ही एक लाकडी मासळी काढली, दुसरी लावली, तीही काढली. काढलेली परत खणात ठेवायची तर तिच्या जागी आधीच दुसरे काहीतरी होते. म्हणून ती शेजारच्या दगडावर ठेवली. ‘आता उचलू’ असे मनाशी म्हटल्याचे आम्हांला स्पष्ट आठवते. त्या मासळीच्या पोटाखाली तीन टोकांची गरी लोंबत होती.

कोळीवाड्यातली मुले पेटी पाहायला नेहमी येत. पायऱ्यांसारखी उघडणारी पेटी त्यांनी दुसरीकडे पाहिली नव्हती. त्या दिवशी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला, उकिडवा बसला आणि वाकून पाहताना तोल सावरण्यासाठी त्याने हात मागे दगडावर टेकला.

तो ओरडला नाही. त्याने हात उचलून आमच्यापुढे धरला आणि त्या हाताबरोबर ती रंगीत मासळीही उचलली गेली. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग असतो त्यात एक टोक पूर्ण आत रुतले होते, उलट्या काट्यासकट. गरीचा उलटा काटा असतोच मुळी आत गेलेले बाहेर येऊ नये म्हणून. मासा आणि मूल यांत तो भेद करीत नाही. उरलेली दोन टोके मोकळी होती आणि मुलगा थरथरत असल्यामुळे तीही केव्हा रुततील याचा नेम नव्हता.

आम्ही पेटीकडे वळलो. वाचकहो, तीन तबके आणि तळ, इतक्या सामानात तार कापणारी पक्कड नव्हती. आम्ही तरी शोधत राहिलो. प्रत्येक खण उघडून पाहिला. फिरक्या सांडल्या, शिसे सांडले. जखमेवर बांधायला पट्टीही नव्हती. जे होते ते सर्व माशासाठी होते.

ते वयस्क गृहस्थ आपली दोरी दगडाखाली दाबून उठून आले. त्यांच्या पिशवीत तंगूस, गऱ्यांचे एक बूच, भाकरी आणि पक्कड इतकेच होते. मुलाचा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर घट्ट धरला, मोकळी दोन टोके कापून टाकली, मासळी वेगळी केली आणि आत रुतलेला भाग हलू नये म्हणून आपला रुमाल गुंडाळला. ओढून काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ते बरे झाले, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. उलट्या काट्याची गरी हिसकून काढू पाहणारे मांस फाडतात. ती स्थिर बांधून दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताची सुई घ्यावी हेच योग्य. हे सर्व करून झाल्यावर ते आमच्या पसरलेल्या संसाराकडे पाहून एवढेच म्हणाले, “एवढी मोठी पेटी, न पक्कड नाय, फादर?”

रिक्षा करून आम्ही मुलाला दवाखान्यात नेले. जागा बधिर करून डॉक्टरांनी दहा मिनिटांत टोक काढले. जखम लहान होती. इजेची गोष्ट येथे संपते.

आमची संपत नाही. कारण आम्ही दवाखान्याबाहेर उभे असताना मुलाची आई धावत आली. मासळी बाजारातून तशीच आलेली. तिने आधी मुलाचा हात पाहिला, मग आमच्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, “पोरानं तुमच्या सामानाला हात लावला फादर, माफ करा.”

आणि आम्ही गप्प राहिलो. ‘असू दे, असू दे’ असे काहीतरी पुटपुटलो. मुलाने आमच्या सामानाला हात लावलेला नव्हता. आमचे सामान उघड्यावर, जिथे कोणीही बसेल अशा दगडावर, आम्ही टाकलेले होते. हे सांगायला एक वाक्य पुरे होते. ते आम्ही उच्चारले नाही. क्षमा ही जिच्याकडून आम्ही मागायची तिच्याकडून ती मागणी स्वीकारून, वर दवाखान्याचे पैसे देऊन, एक उदार माणूस म्हणून आम्ही पाद्रीवाड्यात परतलो.

त्या रात्री झोप आली नाही. सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे दूरदर्शीपणाविषयीचे प्रकरण आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात ते आहे. विवेक या सद्गुणाचे त्यांनी आठ घटक मानले आहेत. त्यांत पुढचे पाहणे हा एक, आणि सावधपणा हाही एक. पण आम्हांला आठवले ते यापुढचे. सद्गुणाचे वर्णन झाल्यावर ते त्याच्या विरोधी दोषांकडे वळतात आणि तेथे दोन प्रकार मांडतात. एक, हलगर्जीपणा, म्हणजे जे करायला हवे त्याकडे लक्ष न देणे. दुसरा प्रकार अधिक विलक्षण. तो सद्गुणासारखा दिसतो. ऐहिक वस्तूंची आणि उद्याची अति काळजी, ही त्या प्रकारात मोडते. आणि हा खोटा विवेक कोठून उपजतो, तर लोभातून, असे संत थॉमस म्हणतात.

परीक्षेसाठी पाठ करताना आम्ही समजत होतो, की हे दोन दोष एकमेकांच्या उलट दिशांना असावेत. एक माणूस निष्काळजी, दुसरा फार काळजी करणारा. ज्याच्यात एक असेल त्याच्यात दुसरा कसा असेल? त्या रात्री कळले, की ते एकाच पेटीत शेजारच्या खणांत राहतात. किंबहुना एक दुसऱ्याला पोसतो. न आलेल्या जिताड्याची आम्ही इतकी काळजी वाहत होतो, की शेजारी येऊन बसलेल्या मुलासाठी लक्ष उरले नव्हते. लक्ष ही काही अमर्याद गोष्ट नव्हे. चाळीस आमिषांवर ते वाटले गेले, की एकेचाळिसाव्या गोष्टीला काय मिळणार?

यावर कोणी म्हणेल, की मुंगीचे काय? नीतिसूत्रांच्या ग्रंथात आळशाला मुंगीकडे पाठविले आहे आणि ती तर उन्हाळ्यात साठा करते. संत थॉमसनीही हा आक्षेप घेतला आहे आणि त्याचे उत्तर आम्हांला फार मार्मिक वाटते. प्रत्येक काळाची आपली एक काळजी असते, असे ते म्हणतात. कापणीच्या दिवसांत कापणीची, द्राक्षे उतरविण्याच्या दिवसांत द्राक्षांची. कापणीच्या वेळीच जो द्राक्षांची काळजी वाहतो तो पुढच्या ऋतूचे ओझे विनाकारण अगोदर उचलतो. मुंगीची काळजी वेळेला धरून असते, म्हणून ती अनुकरणीय. आमच्या भाषेत सांगायचे तर, आज भांगाचे पाणी आहे, आपण खाडीच्या बांधावर बसणार आहोत, तर या पाण्याला आणि या बांधाला काय लागेल? बांधावर काय लागेल याच्या उत्तरात माणसेही येतात. आम्ही ती धरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पवित्र मिस्सा झाल्यावर व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून आम्ही पेटी उपडी केली. त्या दिवशी आणि पुढे काही दिवसांत जे केले ते थोडक्यात सांगतो. गरवणाऱ्या वाचकांना त्याचा उपयोग होईल, इतरांनी हा भाग ओलांडून पुढे गेले तरी चालेल. आधी पक्कड घेतली, कडक तार कापणारी, आणि तिला दोरी बांधून ती पेटीच्या मुठीलाच अडकवली, म्हणजे कोणताही खण न उघडता हाती यावी. वरचे पहिले तबक रिकामे केले आणि त्यात पट्टी, कापूस, जंतुनाशक औषध ठेवले. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही परांना एकेक असे तीन विषारी काटे असतात. ते लागले तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने कळा कमी होतात. त्यासाठी आता चहाबरोबर दुसरा थर्मास येतो. तीन टोकांच्या गऱ्या सर्व आमिषांवरून काढल्या आणि त्यांच्या जागी एकेरी गऱ्या लावल्या. त्या एकेरी गऱ्यांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केले. यामुळे मधूनमधून मासा निसटतो, हे कबूल. पण लहान म्हणून परत सोडायचा मासा जखम न वाढवता सुटतो, आणि माणसाचा अंगठाही. ओल्या वस्तूंसाठी झाकणाची एक वेगळी बाटली ठेवली. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच त्या पेटीत जातात.

शिशाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे याकडे कोणी पाहत नाही. बारीक शिसे दोरीवर दाबण्यासाठी कितीतरी जण ते सरळ दातांखाली धरतात आणि शिशाच्या हातांनी भाकरी खातात. शिसे हे विष आहे आणि मुलांना ते अधिक बाधते. इंग्लंडात गरवणाऱ्यांच्या हातून पडलेले बारीक शिसे गिळून हंस मरू लागले, तेव्हा तेथे १९८७ पासून अशी लहान वजने विकण्यास बंदी झाली. आमच्या खाडीत हंस नाहीत, बगळे आहेत. तुटलेल्या तंगुसात पाय अडकून खारफुटीला उलटा लटकलेला एक बगळा आम्ही पाहिला आहे. नायलॉन कुजत नाही. आमच्यामागे कित्येक पिढ्या तो तसाच राहील. म्हणून आता तुटलेली दोरी गोळा करण्यासाठी पेटीत एक बरणी आहे. स्वतःची दोरी तर आम्ही आणतोच, बांधावर दुसऱ्याची सापडली तर तीही.

उरलेले जे निघाले त्याची एक पिशवी भरली. ती घेऊन आम्ही त्या वयस्क गृहस्थांकडे गेलो. त्यांनी पिशवी उलगडून, एकेक वस्तू नीट पाहून, दोन लांबट शिसे आणि एक तंगुसाचे रीळ काढून घेतले व बाकीची पिशवी गाठ मारून आम्हांला परत दिली. आम्ही आग्रह केला. ते म्हणाले, “मला लागंल ते घेतलं, फादर.” आपला लोभ दुसऱ्याच्या दारी दान म्हणून उतरविता येईल ही आमची कल्पना तेथे संपली.

एक अडचण मात्र आम्ही वाचकांपासून लपवणार नाही. प्रभूने बारा जणांना पाठविताना झोळी नको, भाकरी नको, कमरेच्या पट्ट्यात पैसे नकोत असे सांगितले. संत मार्कच्या शुभवर्तमानात निदान काठी घ्यायला परवानगी आहे. मत्तय आणि लूक यांच्यात तीही नाही. मग पेटीची ही नीट मांडणी तरी कशाला? सारेच टाकून का देऊ नये? या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, पुनरुत्थानानंतर, पेत्र म्हणतो, की मी मासे धरायला जातो, आणि ते सर्व होडीत बसून निघतात. होडी होती. जाळेही होते, आणि इतके मजबूत, की एकशे त्रेपन्न मोठे मासे येऊनही ते फाटले नाही. या लोकांनी तर जाळी टाकून दिली होती ना? मग ती मधल्या काळात कोणीतरी ठेवली होती, वाळवली होती, उसवलेली शिवली होती. शुभवर्तमानात त्या माणसाचे नाव नाही. टाकून जाणाऱ्यांची स्तुती आपण वेदीवरून करतो, ते योग्यच आहे. पण जाळे सांभाळणारा तो कोणी, त्याच्या हातून काही कमी पुण्य घडले असे आम्हांला वाटत नाही. त्याने ते दुसऱ्यासाठी सांभाळले होते.

आणि गरीचे म्हणाल तर चारही शुभवर्तमानांत तिचा उल्लेख एकदाच येतो. मंदिराच्या कराचा प्रश्न निघाला तेव्हा प्रभूने पेत्राला समुद्रावर जाऊन गरी टाकायला सांगितले. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे निघेल, ते दोघांसाठी दे. कर माणशी दोन द्राख्मा, नाणे चार द्राख्मांचे. दोघांपुरते, बरोबर तेवढेच. जाळ्याच्या कोळ्याकडे त्या दिवशी गरी कोठून आली, हे मत्तय सांगत नाही. बहुधा बांधावरच्या कोणाकडून तरी मागून घेतली असावी, असे आमचे आपले मत.

पेटीची मांडणी झाली, तरी एक काम राहिले होते आणि ते आम्ही तीन आठवडे पुढे ढकलले. दर रविवारी ती माउली मिस्साला येत होती, पवित्र कम्युनियनसाठी आमच्यापुढे हात पसरत होती, आणि आम्ही कबूल केलेले नव्हते. पापनिवेदनात आम्ही ते एका ज्येष्ठ धर्मगुरूंना सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “तिला सांगितलेत?”

अखेर एका दुपारी तिच्या घरी गेलो. ती ओटीवर बोंबील निवडत बसली होती. आम्ही उभ्यानेच सांगितले, की त्या दिवशी चूक मुलाची नव्हती; गरी आम्ही दगडावर टाकली होती आणि तुम्ही माफी मागितलीत तेव्हा हे बोललो नाही.

तिने हात थांबविले नाहीत. “मला ठाव होतं फादर,” ती म्हणाली. “पोरानं त्याच राती सांगितलं.”

मग आजवर आम्हांला का बोलली नाहीत, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तिनेच बसायला पाट दिला आणि चहा ठेवायला आत गेली. मुलगा दाराआडून पाहत होता, तो बाहेर आला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरट डाग उरला होता, मसुराच्या दाण्याएवढा. तो त्याने आम्हांला जवळून दाखविला, जरा अभिमानानेच.

“किती नंबरची होती ती गरी, फादर?”

“चार नंबरची,” आम्ही म्हणालो.

त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे दोन नंबरपेक्षा लहान ना?”